सव्वा किलोच्या लॅपटॉपात तुमचे काम मावेल का?

प्रश्न : मी कारखान्यांमध्ये यंत्रे बसवून चालू करून देण्याचे, म्हणजे कमिशनिंगचे काम करते. महिन्यातील पंधरा-सोळा दिवस प्रवासात जातात. सध्याचा लॅपटॉप २.६ किलोचा आहे आणि त्याचा चार्जर वेगळाच जड आहे. वर्षभरापासून उजवा खांदा दुखतो आहे आणि डॉक्टरांनी ओझे कमी करायला बजावले आहे. कामासाठी मला पाचसहाशे भागांच्या त्रिमितीय असेंब्ली (सुटे भाग जोडून तयार झालेली यंत्राची संगणकीय रेखाटने) उघडून त्यात किरकोळ बदल करावे लागतात, पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाला, जोडून प्रोग्रॅम सुधारावा लागतो (त्याचे जुने सॉफ्टवेअर मी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात चालवते) आणि मोजमापांच्या मोठ्या फाइली तपासाव्या लागतात. एक सहकारी मॅकबुक एअर घ्यायला सांगतो, भाचा म्हणतो की ताकद हवी असेल तर गेमिंग लॅपटॉपला पर्याय नाही. हलका घेतला आणि तो ऐन साइटवर कमी पडला तर काय, या भीतीने सहा महिने निर्णय अडला आहे. काय पाहून निवड करावी?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती खांद्याविषयीची आहे आणि मी तिथूनच सुरुवात करते. डॉक्टरांनी ओझे कमी करायला सांगितले आहे, लॅपटॉप हलका घ्यायला नव्हे. या दोन गोष्टी एकच नाहीत. तेव्हा कोणत्याही कंपनीचे माहितीपत्रक उघडण्यापूर्वी साइटवर जाताना भरता तशी पिशवी भरा आणि तिच्यातील प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवून आकडे कागदावर लिहून काढा. २.६ किलोच्या लॅपटॉपसोबत येणारा मोठा चार्जर त्याच्या जाड वायरींसह बहुधा पाऊण किलोच्या घरात भरेल. माउस, लॅनची वायर, सिरियल अडॅप्टर, पॉवर बँक, फोनचा वेगळा चार्जर हे सारे धरून चार किलोचा आकडा सहज गाठला जातो. त्याच जागी १.३ किलोचा लॅपटॉप आला आणि फोनलाही चालणारा एकच लहान चार्जर आला, तर पिशवीतून जवळपास दोन किलो उतरतात. हा फरक तुमच्या खांद्याला पहिल्याच प्रवासात जाणवेल. उलट १.३ किलोवरून एक किलोवर येण्यासाठी जी धडपड करावी लागते, तिच्यातून हाती लागतात फक्त ३०० ग्रॅम, आणि त्या ३०० ग्रॅमसाठी काय काय सोडावे लागते हे आधी माहीत असलेले बरे.

एक किलोच्या खाली लॅपटॉप बनतात, चांगले बनतात. फुजित्सूने तर ७०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे लॅपटॉप विक्रीस आणले. पण त्यांतील सर्वांत हलक्या नमुन्यांची बॅटरी अवघी २५ वॉट-अवरची (वॉट-अवर हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) होती, म्हणजे आजच्या सर्वसाधारण हलक्या लॅपटॉपच्या निम्म्याहूनही कमी. वजन कमी करताना काही ग्रॅम धातू बदलून वाचतात: मॅग्नेशियमची घनता दर घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम आणि अॅल्युमिनियमची २.७० ग्रॅम, त्यामुळे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच चांगलेच हलके होते. (असे कवच दाबल्यावर किंचित लवते आणि हाताला प्लास्टिकसारखे लागते. ते पाहून यंत्र कच्चे आहे असा समज करून घेऊ नका.) मात्र धातू बदलून मिळणारी बचत संपली की पुढची काटछाट बॅटरीत, पंख्यात, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत आणि पोर्टमध्ये होते, आणि तुमच्या कामाला या चारही गोष्टींची गरज आहे. म्हणून तुमच्यासाठी मी वजनाची वरची मर्यादा १.४ किलो ठरवते आणि त्या मर्यादेच्या आत राहून बाकीच्या गोष्टींत तडजोड न करण्याचा आग्रह धरते.

आता ताकदीविषयी. तुमची भीती इथेच आहे आणि ती निराधार नाही, म्हणून हा भाग मी सविस्तर लिहिते. प्रोसेसरचे नाव वाचून लॅपटॉपची ताकद कळत नाही, कारण एकच प्रोसेसर एका लॅपटॉपात एक वागतो आणि दुसऱ्यात दुसरे. प्रोसेसर जितकी वीज घेतो तितकी उष्णता बाहेर टाकतो आणि ती उष्णता वाहून नेण्याची क्षमता लॅपटॉपच्या अंगाची असते. म्हणून बनवणारी कंपनी प्रोसेसरला दोन मर्यादा घालून देते: काही सेकंदांपुरती मोठी आणि त्यानंतर सतत चालण्यासाठी लहान. सव्वा किलोचा लॅपटॉप सुरुवातीच्या काही सेकंदांत ४०-५० वॉटपर्यंत झेप घेऊ शकतो, पण ढोबळमानाने १५ ते ३० वॉटच्या दरम्यान स्थिरावतो. तुमच्या आताच्या यंत्रासारखा जाड लॅपटॉप त्याच्या दुप्पट-तिप्पट वॉट तासभर पेलतो. हलक्या लॅपटॉपची खरी मर्यादा ही एवढीच आहे: तो धाप न लागता लांब पल्ला मारू शकत नाही, पण छोट्या अंतराची धाव तो जड लॅपटॉपच्या बरोबरीने घेतो.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की तुमचे काम छोट्या धावेचे आहे की लांब पल्ल्याचे. असेंब्ली उघडणे, एखाद्या भागाचे माप बदलणे, बदल केल्यावर पूर्ण रचना पुन्हा गणून घेणे, ही कामे बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) चालतात. दहा-बारा गाभे रिकामे बसून असतात आणि एकटा गाभा किती वेगाने धावतो यावरच तुमचा वाट पाहण्याचा वेळ ठरतो. एका गाभ्याला पूर्ण वेगाने पळवायला फार वीज लागत नाही, त्यामुळे या कामात आजचा चांगला हलका लॅपटॉप तुमच्या काही वर्षे जुन्या जड यंत्राला मागे टाकण्याची शक्यता बरीच आहे. पीएलसीचा प्रोग्रॅम सुधारण्याला तर प्रोसेसरची ताकद जवळजवळ लागतच नाही. लांब पल्ल्याची कामे म्हणजे ताण-विश्लेषणाची गणिते, मोठी रेंडरिंग, तासन्‌तास चालणारे सिम्युलेशन. तुमच्या पत्रात यांपैकी एकाचाही उल्लेख नाही. क्वचित करावी लागत असतील, तर ती कार्यालयातील टेबलावरच्या संगणकाकडे सोपवावीत. आठवड्यातून अर्धा तास लागणाऱ्या ताकदीसाठी पंधरा दिवस खांद्यावर दीड किलो जास्त वाहून नेणे मला पटत नाही.

तुमच्या कामाचा खरा कस लागतो तो मेमरीत. व्हर्च्युअल मशीन सुरू झाली की ती स्वतःसाठी ४ ते ८ जीबी रॅम बाजूला काढून घेते आणि बंद होईपर्यंत सोडत नाही. विंडोज, ब्राउझर आणि मेल मिळून ५-६ जीबी खातात, असेंब्ली उघडली की आणखी ६ ते १० जीबी जातात आणि मोजमापांची मोठी फाइल वेगळीच. १६ जीबीचा लॅपटॉप या बेरजेत बसत नाही. तो बंद पडणार नाही, पण रॅम संपल्यावर तो एसएसडीवर, म्हणजे कायमच्या साठवणुकीच्या संथ डिस्कवर, माहितीची ने-आण करू लागेल आणि तुम्ही प्रोसेसरला दोष देत बसाल. म्हणून ३२ जीबी घ्या; प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल, पण रॅम कमी नको. हलक्या लॅपटॉपांत रॅम बहुधा मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते. इंटेलच्या २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली आहे आणि ३२ जीबीच्या पुढे मिळतच नाही. ही मालिका वीज फार काटकसरीने वापरते आणि प्रवासासाठी उत्तम आहे, मात्र १६ जीबीचा नमुना घेऊन पुढे वाढवू असा बेत तिथे चालणार नाही. एसएसडी १ टीबीची घ्या. बहुतेक लॅपटॉपांत ती पुढे बदलता येते, त्यामुळे तिथे चूक झाली तरी सुधारण्याची सोय राहते.

ग्राफिक्सविषयी तुमच्या भाच्याचा सल्ला पूर्ण चुकीचा नाही. हजारो भागांच्या असेंब्ली फिरवून पाहणाऱ्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागतेच. पण कार्डालाही वॉटचाच नियम लागू आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या लॅपटॉपसाठीच्या एकाच नावाच्या कार्डाला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्यांना आहे, त्यामुळे डब्यावरचे नाव पाहून निम्मीही गोष्ट कळत नाही. शिवाय गेमिंग लॅपटॉपची प्लग काढल्याबरोबर ताकद उतरते, कारण बॅटरी तेवढा विजेचा प्रवाह देऊ शकत नाही. आणि तुमचे काम तर यंत्राशेजारी उभ्याने, सॉकेटपासून दूर चालते. पाचसहाशे भागांची असेंब्ली, त्यात किरकोळ बदल, एवढ्याला आजचे प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरावे असे माझे मत आहे. पण माझ्या मतावर विसंबू नका. तुमची सर्वांत जड असेंब्ली पेन ड्राइव्हवर घेऊन जा, ज्याच्याकडे असा लॅपटॉप असेल त्याच्याकडे ती उघडा, फिरवा, एक छेद घेऊन पाहा. चित्र अडखळत असेल, तर थिंकपॅड पी१४एस किंवा झेडबुक फायरफ्लाय १४ यांसारख्या छोट्या वर्कस्टेशनकडे वळा. यांची वजने दीड किलोच्या आसपास असतात, निवडक नमुन्यांत वेगळे ग्राफिक्स कार्ड मिळते आणि त्रिमितीय सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांकडून त्यांची चाचणी झालेली असते. तेव्हा मी ठरवलेली १.४ किलोची मर्यादा थोडी ओलांडायला हरकत नाही.

मॅकबुक एअरविषयी तुमच्या सहकाऱ्याचे कौतुक मी समजू शकते. १३ इंची एअरचे वजन १.२४ किलो आहे, त्यात पंखाच नाही, बॅटरी दिवसभर पुरते आणि एका गाभ्याचा वेग वाखाणण्याजोगा आहे. तुम्ही लेखिका, पत्रकार किंवा छायाचित्रकार असता तर मी हे उत्तर तिथेच संपवले असते. परंतु अॅपलने २०२० च्या अखेरीपासून इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःचे, एआरएम जातीचे (इंटेलपेक्षा वेगळ्या सूचनांवर चालणारे) प्रोसेसर वापरायला सुरुवात केली आणि त्याबरोबर मॅकवर थेट विंडोज बसवण्याची जुनी सोय संपली. आज मॅकवरील व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालते, पण ते एआरएमसाठीचे विंडोज. तुमची सध्याची, इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी तयार केलेली व्हर्च्युअल मशीन तिथे कामाच्या वेगाने चालणार नाही. हेच कारण स्नॅपड्रॅगन एक्स हा एआरएम जातीचाच प्रोसेसर असलेल्या विंडोज लॅपटॉपांनाही लागू पडते, आणि याबाबत विशेष सावध राहा, कारण ते दिसायला इतर विंडोज लॅपटॉपांसारखेच असतात, हलके असतात, त्यांची बॅटरीही फार चांगली असते. एआरएमवरील विंडोज जुने प्रोग्रॅम भाषांतर करून चालवू शकते, पण ड्रायव्हरचे, म्हणजे जोडलेले उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे, भाषांतर ते करत नाही. पीएलसीच्या जोडणीची जुनी केबल, सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी चावी यांचे ड्रायव्हर एआरएमसाठी लिहिलेले नसतील तर ती वस्तू निर्जीव पडून राहील. चालू पाळीत यंत्र थांबलेले असताना हे कळणे परवडणारे नाही. तुम्ही इंटेल किंवा एएमडी यांपैकी एकाचाच प्रोसेसर घ्यावा, आणि या मुद्द्यावर मी कसलीही तडजोड सुचवणार नाही.

बॅटरीचा हिशेब साधा आहे आणि तो स्वतः करावा. जाहिरातीतील वीस तासांचा आकडा बहुधा स्क्रीन मंद ठेवून सलग चित्रफीत चालवून काढलेला असतो. तुम्ही बॅटरीचे वॉट-अवर पाहा आणि त्याला कामाच्या वॉटने भागा. ५७ वॉट-अवरच्या बॅटरीवर मेल आणि अहवाल लिहिताना लॅपटॉप सरासरी ६-७ वॉट घेत असेल तर आठ-नऊ तास मिळतील, पण व्हर्च्युअल मशीन आणि असेंब्ली दोन्ही उघडी असताना तोच लॅपटॉप १५ ते २० वॉट घेईल आणि तीन-चार तासांत थांबेल. ५५ वॉट-अवरच्या खालची बॅटरी घेऊ नका. ७० च्या जवळ जाणारी मिळाली तर शंभर ग्रॅम जास्त वजन आनंदाने स्वीकारा.

विमानप्रवासात १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळ्या परवानगीची गरज नसते आणि १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते. मोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या ९९ च्या पुढे सहसा जात नाहीत त्याचे कारण हेच. पॉवर बँक ही सुटी बॅटरी मानली जाते, म्हणून ती सोपवलेल्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते. तिच्यावर मिलिअँपिअर-अवरचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, त्याला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॉट-अवर मिळतात, म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची झाली. अलीकडे काही विमान कंपन्यांनी उड्डाणादरम्यान पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आहे, तेव्हा तिकीट काढताना ते तपासा.

चार्जरकडे लोक दुर्लक्ष करतात आणि नेमके तिथेच सर्वांत सोपे वजन वाचते. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होणारा हवा, ही अट पक्की धरा. २०२१ पर्यंत या मार्गाने १०० वॉटपर्यंत वीज देता येत असे, त्यानंतरच्या नव्या प्रमाणात ती मर्यादा २४० वॉटवर गेली. तुमच्या लॅपटॉपला ६५ वॉट पुरेसे आहेत. गॅलियम नायट्राइड वापरून बनवलेले ६५ वॉटचे चार्जर मुठीत मावतात आणि त्याच चार्जरवर रात्री फोनही भरता येतो. वायर निवडताना मात्र एक बारकावा लक्षात ठेवा: यूएसबी-सीची साधी वायर ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंतच वीज नेते, म्हणून ५ अँपिअरची वायर घ्या. तसे केले नाही तर चार्जर चांगला असूनही लॅपटॉप ‘चार्जिंग मंद आहे’ अशी सूचना देत राहतो आणि दोष कुठे आहे ते कळत नाही. परदेशी जात असाल तर चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापले आहे ना तेवढे पाहा. तसे असल्यास सोबत फक्त पिनांचा अडॅप्टर लागेल.

प्रवासातील बॅटरीचा एक वैरी झाकण बंद केलेल्या अवस्थेत काम करतो. आजचे बहुतेक विंडोज लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत, ते फोनसारखे अर्धवट जागे राहतात आणि मधूनच इंटरनेटशी संपर्क साधतात किंवा अपडेट उतरवू लागतात. एका महत्त्वाच्या बैठकीला जाताना मी भरलेल्या बॅटरीचा लॅपटॉप बंद करून पिशवीत ठेवला होता. तीन तासांनी बाहेर काढला तेव्हा तो हाताला चटका बसेल इतका तापलेला होता आणि बॅटरी संपली होती. त्या दिवसापासून मी झाकण मिटल्यावर लॅपटॉप ‘हायबरनेट’ होईल, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होईल, अशी मांडणी करून ठेवते. पुन्हा सुरू व्हायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, पण बॅटरी होती तिथेच राहते. तुम्हीही खरेदीच्या दिवशीच हे करून टाका. कार्यालयात असताना लॅपटॉप दिवसभर प्लगला जोडलेला राहत असेल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोयही चालू करा, कारण पूर्ण भरलेल्या आणि तापलेल्या अवस्थेत लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

तुमच्या कामाला लॅन पोर्ट रोज लागणार. हलक्या लॅपटॉपांतून तो जवळजवळ हद्दपार झाला आहे, तरी लेनोवोच्या थिंकपॅड टी१४ मालिकेत तो अजून आहे आणि तिचे वजन नमुन्यानुसार सुमारे १.३ ते १.४ किलोपासून सुरू होते. मला तुमच्यासाठी ही मालिका सर्वांत जवळची वाटते. तिच्या २०२४ च्या पाचव्या पिढीतील इंटेलच्या नमुन्यात रॅम बदलता येते आणि बॅटरीही स्वतः बदलता येण्याजोगी ठेवलेली आहे. त्यात दोन आकारांच्या बॅटऱ्या मिळतात: ३९ वॉट-अवरची लहान आणि ५२.५ ची मोठी. लहान बॅटरीचा नमुना हलका आणि स्वस्त म्हणून पुढे केला जातो, तो नाकारा. मोठी बॅटरी मी वर आखलेल्या ५५ च्या रेषेच्या किंचित खाली आहे, पण ती स्वतः बदलता येते आणि अंगचा लॅन पोर्ट मिळतो, म्हणून इथे मी ती सूट देईन. थिंकपॅड एक्स१ कार्बन एक किलोच्या आसपासचा आहे, त्याची बॅटरी ५७ वॉट-अवरची आहे आणि कीबोर्ड उत्तम आहे, पण त्यात लॅन पोर्ट नाही आणि रॅम पक्की जोडलेली आहे. तो घेतला तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर जोडावा लागेल. असा अडॅप्टर घेतलाच तर दोन घ्या आणि दुसरा पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात कायमचा ठेवून द्या. साइटवर अडॅप्टर हरवला की सारे काम त्या बोटभर वस्तूपाशी अडते. दोन्ही मालिकांत एकाच नावाखाली डझनभर वेगवेगळ्या जुळण्या विकल्या जातात, म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन रॅम, बॅटरी आणि स्क्रीन या तीन ओळी प्रत्यक्ष वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्क्रीन १४ इंची, १६:१० प्रमाणाची घ्या. उंची थोडी जास्त मिळाल्याने पीएलसीच्या लॅडर प्रोग्रॅमच्या दोन ओळी जास्त दिसतात. तुमच्यासाठी १९२० × १२०० बिंदूंची साधी, न चमकणारी, ४०० निट तेजाची स्क्रीन ही महागड्या ओलेड स्क्रीनपेक्षा उजवी आहे. याला दोन कारणे आहेत. कारखान्यातील छताच्या दिव्यांचे प्रतिबिंब चमकदार स्क्रीनवर सतत पडत राहते; आणि अतिसूक्ष्म बिंदूंच्या स्क्रीनवर पीएलसीची जुनी सॉफ्टवेअर एकतर मुंगीएवढ्या अक्षरांत दिसतात किंवा धूसर होतात, कारण ती लिहिली गेली तेव्हा अशा स्क्रीन नव्हत्या. ओलेड स्क्रीन पांढऱ्या पार्श्वभूमीवर वीजही जास्त खाते, आणि तुमची ड्रॉइंग व अहवाल पांढरेच असणार.

मजबुतीच्या संदर्भात ‘मिल-एसटीडी-८१०’ हा शब्द जाहिरातीत दिसेल. ही अमेरिकी लष्कराने लिहिलेली चाचण्यांची पद्धत आहे. लष्कराने तो लॅपटॉप तपासून मान्य केला असा त्याचा अर्थ होत नाही. कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते, म्हणून त्या शब्दाला थोडेसेच वजन द्या. त्याऐवजी एका हाताने झाकणाचा कोपरा धरून उघडा आणि बिजागर दोन्ही बाजूंनी सारखे फिरते का ते पाहा. वापरतानाची एक काळजी तुमच्या व्यवसायासाठी खास आहे: हलक्या लॅपटॉपचा पंखा तळाच्या जाळीतून हवा ओढतो, म्हणून तो यंत्राच्या बेडवर किंवा कीस पडलेल्या टेबलावर कधीही ठेवू नका. धातूचा बारीक कण आत गेला तर मदरबोर्डवर शॉर्ट होतो. खाली एक पुठ्ठा असला तरी पुरतो.

ग्राहकांची ड्रॉइंग तुमच्याजवळ असतात, त्यामुळे संपूर्ण डिस्कचे कूटबंधन (एन्क्रिप्शन) चालू ठेवा आणि त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली लॅपटॉपबाहेर, सुरक्षित जागी लिहून ठेवा. हमी घेताना लॅपटॉप जिथे बिघडेल तिथे येऊन दुरुस्ती देणारी, आणि परदेशी जात असाल तर तिथेही लागू होणारी घ्या. पंधरा दिवस बाहेर असणाऱ्या माणसाला सेवाकेंद्रात यंत्र जमा करा असे सांगणारी हमी उपयोगाची नाही.

लॅपटॉप हाती आल्यावर परत करण्याच्या मुदतीतच एक संध्याकाळ मोकळी ठेवा. जुन्या यंत्रातील व्हर्च्युअल मशीन नव्यावर आणा, सिरियल अडॅप्टर आणि परवान्याची चावी जोडून पीएलसीशी संपर्क होतो का ते पाहा, मग ती तशीच चालू ठेवून सर्वांत जड असेंब्ली उघडा. चार्जर काढून टाका आणि अर्धा तास नेहमीसारखे काम करा. अर्ध्या तासात बॅटरी किती टक्के उतरली, पंखा किती ओरडला, रॅम किती उरली आणि मांडीवर ठेवल्यास तळ सहन होतो का, हे चार आकडे-अनुभव लिहून काढा. अर्ध्या तासात १५ टक्क्यांहून जास्त बॅटरी गेली किंवा व्हर्च्युअल मशीन अडखळली तर संकोच न करता तो परत करा. या चाचणीत तो उतरला, तर जुना २.६ किलोचा लॅपटॉप विकू नका. तो कार्यालयातील टेबलावर प्लगला जोडून ठेवा आणि नव्या यंत्रातील व्हर्च्युअल मशीनची एक प्रत त्यातही कायम अद्ययावत ठेवत जा, म्हणजे साइटवर काही घडले तरी कार्यालयातील सहकाऱ्याला त्याच दिवशी तुमचे काम पुढे नेता येईल.